अमानतीची फळी

आमचं दुकान आता वस्तुसंग्रहालय झालंय, आणि त्यातली सगळ्यात जुनी वस्तू मी आहे. बाकीच्या वस्तूंना पाट्या लावल्यात, मी मात्र बोलते, म्हणून मला पाटी नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा" असं कळवलं तेव्हा घरची नातवंडं हसली. आजीचा कसला व्यवसाय, म्हणाली. गूळ तोलण्याला ती व्यवसाय समजत नाहीत. भर पावसाळ्यात पाझरलेल्या ढेपेतून, माशा हाकत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत त्यांनी एकदा तरी गूळ तोलून द्यावा, मग बोलू.

दुकान गंगाखेडच्या घाटावर आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पायऱ्या चढून वर आलं की उजव्या हाताला आमचा ओटा. पूल झाला, नाव बंद पडली, दुकानही मग बंद पडलं. गावातल्या शाळेचे एक मास्तर आणि त्यांची चार-दोन मित्रमंडळी मागे लागली म्हणून आम्ही ती जागा गावाला दिली. मास्तरांनी तराजू पुसला, घासलेटचे डबे रंगवले, कंदिलाच्या काचा मांडल्या आणि शेवटी त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे एक गाठोडं होतं. निळ्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, सुतळीची गाठ मारलेलं.

"आजी, हे उघडू या," मास्तर म्हणाले. "आत काय आहे ते कळलं की पाटी लिहिता येईल."

मी नाही म्हणाले. त्यावरून आमचं जे वाजलं ते पुढे कित्येक महिने वाजत राहिलं. मास्तर माणूस चांगला, पण त्यांना बंद वस्तू बघवत नाही. मला ते गाठोडं का उघडू द्यायचं नव्हतं, हे सांगायचं तर आमचा धंदा आधी सांगायला हवा.

तेव्हा राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी, आणि दोन्हीकडे काम असलेल्या माणसाच्या तोंडात दोन्हींची खिचडी. पैलतीरावरच्या गावांतली माणसं नावेनं यायची. कुणाला बाजार करायचा, कुणाला कचेरीत अर्ज द्यायचा, कुणाला वैद्याकडे जायचं. आमच्याकडे गूळ, चहापूड, तंबाखू, खिळे, सुया, विभूती, दावी, काड्यापेट्या, सगळं मिळायचं. पण लोक दुकान ओळखायचे ते अमानतीच्या फळीवरून. नावेतून उतरलं की हातातलं ओझं आमच्याकडे टाकायचं, मोकळ्या हातानं गावात हिंडायचं आणि परतीच्या नावेच्या वेळी घेऊन जायचं. त्याबद्दल आम्ही काही घेत नव्हतो. माणूस गाठोडं न्यायला येतो तेव्हा थोडा गूळही नेतो, हे माझ्या सासऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत, मी मामंजी म्हणे. आम्ही लिंगायत. पहाटे लिंगपूजा झाल्याशिवाय आणि कपाळाला विभूती लावल्याशिवाय त्यांनी कधी दुकानाच्या दाराच्या फळ्या उघडल्या नाहीत. नियम त्यांचाच. गाठोडं ठेवणाऱ्यानं आमच्या सुतळीनं, आपल्या हातानं गाठ मारायची. परत न्यायला आला की त्याला सुतळीचा वेगळा तुकडा द्यायचा, आणि त्यानं तीच गाठ पुन्हा मारून दाखवायची. जुळली की गाठोडं त्याचं. नाव-गाव विचारायचं नाही, आत काय आहे ते विचारायचं नाही आणि गाठ सोडायची तर मुळीच नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण गाठ ज्याची त्याची असते. निरगाठ आणि सुरगाठ एवढंच माहीत असलेल्यांना हे पटत नाही. गुराखी दाव्याची गाठ मारतो, कोळी जाळ्याची मारतो, आणि दोन गुराख्यांतसुद्धा एकाचा पीळ उजवा, दुसऱ्याचा डावा. कुणी टोक आत खोचतो, कुणी मोकळं सोडतो. मामंजींना मोतीबिंदू झाला आणि नजर गेली, तरी त्यांचं काही अडलं नाही. ते अंगठ्यानं गाठ चाचपायचे आणि सांगायचे, "ही सूतगिरणीतल्याची दिसायलीय." अडलं ते तराजूचं. काटा कुठे थांबला ते त्यांना दिसेना. ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, दुकानात बसायचा भारी कंटाळा. परभणीहून, पूर्णेहून माल आणायचा म्हटलं की मात्र ते आनंदानं रेल्वेत बसत. मग मामंजींनी एके दिवशी मला हाक मारली. "गिरजा, इकडं बस. डोळे तुजे, बोटं माजी."

झालं. लिंगायताची तरणी सून गादीवर बसली म्हणून घाटावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुरुष तंबाखू मागताना भिंतीकडे बघून मागत. बायकांना मात्र सोयीचं झालं. त्या आपल्या गाठी माझ्यापुढे उघड मारू लागल्या, आणि मीही गाठी ओळखायला शिकले.

चूक आमच्याकडून एकदाच झाली, तीही रखमा आणि यशोदा या दोघी सख्ख्या बहिणींमुळे. दिल्या वेगवेगळ्या गावात, आणि आईच्या जात्यावरून दोघींचं बोलणं बंद. एकाच बाजारच्या दिवशी दोघी आल्या, वेगवेगळ्या वेळी. गाठोडी ठेवली आणि नेली. मामंजींच्या बोटांनी दोन्ही वेळा गाठ जुळल्याचं सांगितलं, आणि ती जुळलीच होती. पुढच्या बाजाराला रखमा तावातावानं पायऱ्या चढून आली. तिच्या नवऱ्यानं मागवलेल्या बैलाच्या घुंगरांऐवजी गाठोड्यातून चोळखण निघाले होते. तेवढ्यात यशोदा आली, तिच्या हातात घुंगरं.

"माजी गाठ हिला कुणी दिली?" रखमानं मला विचारलं.

"तुजी कशापायी? माय मला शिकवायली होती तवा तू पाळण्यात व्हतीस," यशोदा म्हणाली.

मामंजी गालातल्या गालात हसत होते. ते म्हणाले, "मायनं जातं एकीला दिलं आसंल, गाठ दोघींला दिली."

यावर दोघी एक व्हाव्यात अशी माझी भोळी समजूत होती. त्या आमच्या ओट्यावर बसून भांडल्या. जात्यापासून सुरुवात झाली आणि कुणाच्या लग्नात कुणाला किती पुरणपोळ्या वाढल्या इथवर गेलं. एक नाव चुकली, मग आणखी एक चुकली. शेवटच्या नावेत दोघी शेजारी-शेजारी बसून, तसंच भांडत पलीकडे गेल्या. इतक्या वर्षांचं न बोलणं एका दिवसात भरून निघालं म्हणायचं. तेव्हापासून यशोदेनं आपल्या गाठीत तांबड्या चिंधीचं टोक अडकवावं असं ठरलं.

दुसरा प्रसंग लढाईच्या दिवसांतला. कापड, साखर, घासलेट, सगळ्यावर कंट्रोल होता. गावात नवे अमीनसाहेब आले, म्हणजे पोलिसांचे तिथले अधिकारी. कुणीतरी त्यांचे कान भरले की अप्पांच्या फळीवर कंट्रोलचं कापड दडवलेलं आहे. साहेब दोन जवान घेऊन दुकानात शिरले.

"सब खोलो," ते म्हणाले.

"खोला साहेब," मामंजी शांतपणे म्हणाले. "हुकूम तुमचा. फकस्त होती तशी बांदून द्या. न्हाईतर मालकाला ती वळखू येणार न्हाई."

साहेबांनी सगळ्यात फुगलेलं गाठोडं ओढलं. ते कोंडाईचं होतं. कोंडाई म्हणजे पलीकडच्या गावची म्हातारी, अंगानं काटकुळी आणि आवाजानं खणखणीत. आतून जवसाची चटणी, नातवाच्या वहाणा आणि वैद्याच्या पुड्या निघाल्या. कापड म्हणून होतं ते तिचं जुनेर. साहेब वरमले आणि गाठ बांधायला लागले. जमेना. एका जवानानं बांधली, दुसऱ्यानं सोडून पुन्हा बांधली. इतक्यात कोंडाई आली. गाठोड्याला हात लावला आणि मागे सरली.

"हे माजं न्हाई."

"अगे माई, तेराच है," साहेब म्हणाले. "चटनी देख."

"चटणी समद्याच करत्यात. गाठ माजी न्हाई. माजं मला द्या, नाव सुटायलीय."

आणि ती साहेबांच्या वाटेत पायरीवर बसली. लोक जमले. साहेबांनी तिला समजावलं, दटावलं, वहाणांचा जोड तिच्या पुढ्यात धरला. कोंडाई हलेना. नवी गाठ तू मार म्हटलं तर म्हणाली, मी मारली तर ती आत्ताची गाठ होईल, सकाळची कुठाय? मला हसू आवरेना म्हणून मी तराजूच्या मागे वाकले. शेवटी मामंजी म्हणाले, "कोंडाबाई, साहेबाला गाठ शिकवा. त्यांनी सोडली, त्येच बांदतील."

मग सरकारी टोपी बाजूला ठेवून अमीनसाहेब आमच्या ओट्यावर मांडी घालून बसले. कोंडाई त्यांच्या बोटांवर चापट्या मारत शिकवत होती. कितव्यांदा तरी गाठ नीट बसली तेव्हा तिनं ती चाचपली, "आता माजं हाय" म्हणाली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन नावेकडे गेली. साहेबांनी पुन्हा आमच्या फळीकडे वाकडा डोळा केला नाही. उलट पुढे दौऱ्यावर जाताना ते आपला कागदपत्रांचा रुमाल आमच्याकडेच ठेवून जायचे. गाठ अर्थात कोंडाईची.

आता त्या निळ्या गाठोड्याकडे येते. ते चांदबीचं.

चांदबी मनियारीण होती, बांगड्या भरायची. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात तिची जागा. नावेतून उतरणाऱ्या बायका आधी तिच्याकडे वळत. घट्ट बांगडी मनगटावर चढवणं सोपं नसतं, पण चांदबी हात हातात घेऊन असं काही बोलायला लागायची की बाईचं लक्ष उडायचं, हात सैल पडायचा, आणि बांगडी आत गेलेली असायची. "देख गे, गयी ना?" म्हणायची. तिची बांगड्यांची माळ ज्या गाठीनं बांधलेली असे, तीच गाठ तिच्या गाठोड्यालाही. दोन वेढे, एक उलटा फासा, आणि टोक आत खोचून दातानं करकचून ओढायचं. दातानं ओढणारी सगळ्या घाटावर ती एकटी. मामंजींना तिच्या गाठीवर दाताची खूण लागायची.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी बोलत बसायचो. तिला नवरा नव्हता, कडेवर एक पोरगा. मला मूल होत नव्हतं, आणि त्यावरून लोक जे बोलत ते मी तिच्याजवळ बोलून टाकायचे. नंतर मला दिवस गेले तेव्हा घरच्यांच्या आधी ते चांदबीनं ओळखलं. बांगडी भरताना म्हणाली, "हात सुजलाय तुजा. डोहाळजेवणाला दुसऱ्या कुनाकून भरून घेशील तर बघ. हिरवा चुडा मैंच भरूंगी."

ते साल अठ्ठेचाळीस. त्याआधीपासूनच गावोगाव भीती होती. आधी एका बाजूची माणसं घरंदारं टाकून पळाली, आणि आमची फळी गाठोड्यांनी इतकी भरली की मामंजींनी खाली दुसरी फळी ठोकली. मग भादव्यात निजामाचं राज्य गेलं. आम्ही आनंदलो, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूची माणसं पळू लागली. एका सकाळी चांदबी आली, पोराला छातीशी धरून. भावाकडे हैदराबादला जाते म्हणाली. गाठोडं ठेवलं, गाठ मारली, टोक दातानं ओढलं.

"डोहाळजेवणाला येशील ना?" मी विचारलं.

"आती ना गे. सामान हाय ना माझं हितं," ती म्हणाली.

ती आली नाही. बाकीच्यांची गाठोडी एकेक करून गेली, काही उशिरा गेली, पण गेली. माझ्या डोहाळजेवणाला मी कुणाकडून बांगड्या भरून घेतल्या नाहीत, जुन्याच घातल्या. सासूबाई रागावल्या. डोळे मिटण्याआधी मामंजींनी मला एवढंच सांगितलं, "चांदबीची अमानत हाय. जपून ठिव."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी ते गाठोडं उन्हात ठेवते, झटकते आणि फळीवर कडुलिंबाचा ताजा पाला पसरून पुन्हा वर चढवते. गंगेला पूर आला की आधी ते माळ्यावर जायचं, मग गुळाच्या ढेपा. सुतळी कुजू नये म्हणून मी तिला मेण लावत आले, पण गाठ कधी हलू दिली नाही.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. त्यांचे डोळे पाणावले. मग ते म्हणाले, "तरी आजी, उघडू या. बाई आता असेल का?"

"ती नसली तर तिची गाठ कुणापाशी तरी आसंल," मी म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. गाठोड्यासमोर सुतळीचे तुकडे ठेवायचे. ज्याला गाठ जमेल त्याला गाठोडं मिळेल. मास्तरांना वाटलं म्हातारी हट्टी आहे. पण संग्रहालयात सगळ्यात जास्त गर्दी त्या कोपऱ्यात होऊ लागली. शाळेची पोरं, कॉलेजातले प्राध्यापक, एसटीचे कंडक्टर, सगळे बसून गाठी मारायचे आणि मी अंगठ्यानं चाचपून त्यांना नापास करायचे. आता मलाही मोतीबिंदू आहे.

गेल्या उरुसाच्या दिवसांत एक जोडपं आलं. पुरुषाचे केस पिकलेले, बाई त्याच्यामागे डोक्यावर पदर घेऊन. त्यानं फळीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"आप गिरजाबाई?"

आवाजावरून मला काही कळलं नाही. पण पुढे केलेल्या हातावर प्रकाश पडला, आणि धूसर का होईना, चांदबीसारखीच लांब, सडपातळ बोटं दिसली. चांदबीचा पोरगा होता तो. चांदबी गेली होती, आदल्या हिवाळ्यात. शेवटपर्यंत सांगायची म्हणे, की गंगेच्या काठी अप्पांच्या दुकानात माझं सामान आहे.

मास्तर लगेच शिडी घेऊन आले. मी म्हणाले, थांबा. सुतळीचा तुकडा त्याच्या हाती दिला. त्यानं गाठ मारली. साधी निरगाठ होती.

"अम्मानं मला कधी शिकवलं न्हाई," तो म्हणाला. "मी शाळेत, मग नोकरीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "आजी, आता द्या ना." मलाही द्यायचंच होतं. चेहरा ओळखीचा, हात ओळखीचे, आणि एवढी वर्षं ज्याच्या आईची वाट बघितली तो समोर उभा. पण डोळ्यांनी ओळखून द्यायचं असतं तर मामंजींनी एवढा खटाटोप कशाला केला असता? मी त्याची निरगाठ पुन्हा पुन्हा चाचपत बसले.

तेवढ्यात मागची बाई पुढे आली. न बोलता तिनं सुतळी उचलली. दोन वेढे, एक उलटा फासा, टोक आत. आणि मान खाली घालून तिनं ते टोक दातात धरलं आणि ओढलं.

"सास के साथ बांगड्या भरायची मी," ती म्हणाली. "माळ मीच बांधायची."

मी गाठ चाचपली. दाताची खूण लागली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सुनेकडे ठेवलेली अमानत न्यायलाही सूनच आली, म्हटलं.

मास्तरांनी गाठोडं खाली काढून तिच्या मांडीवर ठेवलं. सगळे माना पुढे करून उभे. तिनं मला विचारलं, "खोलू क्या?"

मला किती वाटलं, हो म्हणावं. हिरव्या बांगड्या आहेत की नाहीत एवढं तरी बघावं. पण मी म्हणाले, "तुमचं हाय. दुकानात गाठ सोडायची न्हाई. घरी जाऊन सोडा." मास्तरांचा चेहरा असा झाला की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यांची गाडी संध्याकाळची होती. चांदबीचं घर कुठे होतं ते बघायचं होतं, गंगेत पाय धुवायचे होते. सून गाठोडं काखेत धरून उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. आपली पिशवी आणि ते निळं गाठोडं तिनं एका ओढणीत घातलं, माझ्याकडून सुतळी मागून घेतली, गाठ मारली आणि टोक दातानं ओढलं.

"मावशी, हे ठेवा. येतो आम्ही फिरून."

मी ते फळीवर ठेवून घेतलं आणि पुन्हा गादीवर बसले. पाच वाजता मास्तर किल्ल्या वाजवत आले, संग्रहालय बंद करायची वेळ झाली म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "मास्तर, गिऱ्हाईक यायचंय अजून. दुकान बंद करता येणार न्हाई."

त्यांनी एकदा फळीकडे बघितलं. किल्ल्या खिशात घातल्या, आणि कंदिलाच्या काचा बाजूला सारून माझ्याजवळ ओट्यावर बसले.